दुसरं टोक

दुपारचं जेवण झालं की डॉक्टर मुकुंद टिपणीस मागच्या खोलीत जाऊन मायक्रोस्कोपला डोळा लावायचे, आणि त्यांची थोरली विधवा बहीण इंदूताई पुढच्या ओटीवर अडकित्ता घेऊन खोटं बोलायला बसायची.

"डॉक्टर आहेत का?" असं कोणी फाटकातून विचारलं की मान वर न करता तिचं उत्तर ठरलेलं. "नाहीत." विंचू चावलेला किंवा झाडावरून पडलेला असला तर गोष्ट वेगळी; पण खोकल्या-पडशाला दुपारी डॉक्टर नसायचे म्हणजे नसायचे. कर्जतच्या लोकांनी हे खोटं कधीच ओळखलं होतं. ते निमूटपणे पायरीवर टेकायचे, बिडी ओढायचे, आणि ऊन उतरलं की डॉक्टर आतल्या दारातून 'परगावाहून' यायचे. त्यात कोणाला राग नव्हता. डॉक्टरांचं यंत्र आरशावर चालतं, आरसा उजेडावर चालतो, हे म्हाताऱ्या कंपाउंडर नामाने स्टेशनापासून नदीपर्यंत सगळ्यांना समजावून सांगितलं होतं.

शिवाय हा डॉक्टर एकदा मरून आलेला. त्याला थोडं सांभाळूनच घ्यायला हवं, असंही लोक म्हणायचे.

ते खरंही होतं. मुकुंद टिपणीस लढाईत पलटणीचे डॉक्टर होते. सिंगापूर पडलं तेव्हा घरी 'बेपत्ता' अशी तार आली, आणि मागाहून एका गोऱ्या साहेबाचं पत्र आलं की त्यांची बोट बुडाली. डॉक्टर त्या बोटीत चढलेच नव्हते. जखमी सोडून जाववेना म्हणून मागे राहिले आणि जपान्यांच्या कैदेत सापडले. पण हे कर्जतला कोण सांगणार? देह मिळाला नाही, तेव्हा भटजींनी शास्त्राप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, आणि नदीच्या घाटावर त्याला चुलत भावाने अग्नी दिला. त्याच दिवशी आवडीची काकणं फोडली.

आवडी म्हणजे डॉक्टरांची बायको. सासरी तिचं नाव बदललं होतं, पण ते डॉक्टरांच्या तोंडी कधी बसलं नाही. माहेरचं आवडीच त्यांना आवडे. पुढे चव्वेचाळीसच्या भादव्यात ती तापाने गेली. इंदूताई उशाशी होती. शेवटी शेवटी आवडी एकच म्हणत होती, "तिकडे असतील ना? मी बघते जाऊन."

लढाई संपल्यावर डॉक्टर परत आले ते डाव्या हाताची दोन बोटं मलायात ठेवून. भटजींनी सांगितलं, ज्याचे दिवस घातले तो जिवंत परतला तर त्याला तुपाने न्हाऊ घालायचं, बारसं करायचं, मुंज करायची, आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. एरवी तो गेलेल्यांतच धरला जातो. डॉक्टर खो खो हसले. "गुरुजी, बाकी सगळं करतो हो. बायको कुठून आणू?" मग ते मागच्या खोलीत गेले आणि दिवे लागेपर्यंत बाहेर आले नाहीत.

तेव्हापासून तुपाच्या स्नानाचा विषय इंदूताई सणावारी काढायची आणि डॉक्टर तो हसण्यावारी न्यायचे.

आता राहिली ती बोटं. कैदेत जखम चिघळली म्हणून एका सोबत्याने करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कापून टाकलं. जखम भरली, कातडी धरली, पण दुखणं गेलं नाही. नसलेली करंगळी जळायची, आणि जळण्यापेक्षाही वाईट म्हणजे आवळली जायची. कोणीतरी मुठीत घट्ट धरावी तशी. ही पकड डॉक्टरांच्या ओळखीची होती. लग्नानंतर पहिल्या वर्षी नदीच्या दगडांवरून पलीकडे जाताना आवडी त्यांची करंगळी धरायची. अख्खा हात धरायचा तर लोक काय म्हणतील म्हणून करंगळीच. दगड निसरडा असला की ती जीव खाऊन आवळायची. आता डॉक्टर संध्याकाळी नदीच्या घाटाकडे, जिथे तिलाही अग्नी दिला होता तिकडे फिरायला गेले की दुखणं वाढायचं आणि परतताना उतरायचं. डॉक्टर रोज तिकडेच फिरायला जायचे.

पण ते विज्ञानाचे माणूस होते. बरी झालेली जखम का दुखते याचं उत्तर त्यांना हवं होतं, आणि अर्धं त्यांना सापडलंही होतं. मज्जातंतू कापला की त्याचं पुढचं टोक मरतं. मागचं जिवंत टोक मात्र मरायचं नाव घेत नाही. ते वाढतं, बारीक धागे काढतं, आपला तुटलेला भाग शोधत पुढे सरकतं. तो सापडला नाही की धागे स्वतःभोवतीच गुंततात आणि त्यांची गाठ होते. ती गाठ दुखते. मेलेलं टोक जिवंत टोकाला बोलावत असतं, असंही काही विद्वानांनी लिहिलं होतं. कसं बोलावतं, ते कोणी सांगत नव्हतं.

म्हणून डॉक्टर लोकांच्या जुन्या जखमांतल्या गाठी काढून देत. दुखणं थांबायचं, आणि गाठ डॉक्टरांना मिळायची. ती मेणात बसवायची, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, चांदीच्या द्रावणात बुडवायचे. मग काचेवर सोनेरी पिवळ्या पार्श्वभूमीवर काळे काळे धागे दिसत. गुंतवळच ती, विंचरून काढलेल्या केसांची.

पहिला चमत्कार सहदेवच्या काचेत झाला. सहदेव रेल्वेच्या घाटात, डोंगरात, ठाकुरवाडीला सांधेवाला होता. उतारावर गाडी हाताबाहेर गेली तर तिला बाजूच्या चढावर वळवणारा तो माणूस. चाकाखाली त्याचा पाय गेला, रेल्वेच्या दवाखान्यात तो गुडघ्याखाली कापून नीट केला, तरी नसलेला अंगठा ठणकत राहिला. डॉक्टरांनी गाठ काढली, सहदेव वर्षानंतर पाय पसरून झोपला. त्याची काच डॉक्टरांनी पहिल्या दिवशी पाहिली तेव्हा धागे गुंतलेले होते. दुसऱ्या दिवशी ते एका दिशेला विंचरल्यासारखे आडवे झाले होते.

काप तिरका गेला असेल, असं म्हणून डॉक्टरांनी काच फिरवून ठेवली. दुसऱ्या दिवशी धागे फिरले होते आणि पुन्हा त्याच दिशेला झाले होते. खोलीच्या आग्नेय कोपऱ्याकडे, रेल्वेच्या घाटाकडे.

रसायनात पक्का झालेला, डिंकात बसवून काचेखाली दाबलेला मेलेला काप. तो हलूच शकत नाही. डॉक्टरांनी ही गोष्ट स्वतःला पुष्कळदा सांगितली. मग त्यांनी सहदेवला सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "तुझा पाय कुठे टाकला रे तेव्हा?"

"टाकतील कशाला, दाक्तर? आमच्या ग्यांगच्या लोकांनी पुरला की. केबिनच्या खाली, करवंदीच्या जाळीपाशी. नारळ बी फोडला." सहदेवने कुबडी खाली ठेवली. "का वं?"

"काही नाही. असंच."

डॉक्टर तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण शोधाचं वेड लागलेला माणूस थांबतो थोडाच! एके दिवशी ते मायक्रोस्कोप पेटीत घालून गाडीने खंडाळ्याला गेले आणि तिथल्या फलाटावर बाकावर मांडून बसले. पोर्टर जमले, हमाल जमले. डॉक्टरांनी आरसा फिरवला आणि डोळा लावला. धागे उलटे झाले होते. आता ते खाली, उत्तरेला बघत होते. ठाकुरवाडी मागे राहिली होती ना.

विमलबाईची काच खालापूरकडे बघायची. ती तिथली शेतकऱ्याची बायको. अडलेली म्हणून पोट फाडून मूल काढलं होतं, ते मेलेलंच निघालं. परसात फणसाखाली पुरलं. पुढे पोटावरच्या व्रणाला लुगड्याची नुसती घडी लागली तरी ती कळवळायची. डॉक्टरांनी गाठ काढली आणि दुखणं गेलं. झोडणी उरकल्यावर ती पुन्हा आली, वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन. उपकार मानायला आली असेल असं डॉक्टरांना वाटलं.

"दाक्तर, ते परत लावता येतंय का?" तिने विचारलं.

"काय परत?"

"जे काढलंत ते." ती खाली बघत होती. "दुखत व्हतं तवर तिकडं कोनीतरी हाय असं वाटायचं. परसात गेलं की वाढायचं. आता जाते तर नुसतंच परस."

नामाने शेंगा घेतल्या आणि तिला फाटकापर्यंत पोचवलं. परत आल्यावर तो म्हणाला, "तुमी आपली गाठ काडू नका हां, दाक्तर."

नामाला काय कळलं होतं कोण जाणे. पण त्या दिवसापासून डॉक्टरांच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. सहदेवची गाठ पायाकडे बघते, विमलबाईची मुलाकडे. मग आपली? बोटं मलायात आहेत. आपले धागे पूर्वेला, समुद्रापलीकडे बघू लागले, तर ही पकड नुसती कुजलेल्या बोटाची. इतकी वर्षं आपण एका हाडाला बायको समजलो. आणि तिकडे न बघता जर दुसरीकडे बघू लागले, तर? त्यांना आवडीची एकच खूण हवी होती. आणि त्या खुणेची किंमत त्यांना पुरती ठाऊक होती. गाठ काढली की पकड जाणार, कायमची.

त्यांनी पुष्कळ दिवस काढले. घाटावर जाऊन जळता हात छातीशी धरून उभे राहायचे. शेवटी पौषातल्या एका स्वच्छ सकाळी त्यांनी हात टेबलावर ठेवला, बधिर करणारी सुई स्वतःच टोचली आणि उजव्या हाताने कापायला सुरुवात केली. नामा चिमटा धरून होता आणि तोंडाने पुटपुटत होता. गाठ वाटाण्याएवढी निघाली. सुईचा अंमल उतरला तेव्हा टाके चुरचुरले, तेवढंच. करंगळी नव्हती, म्हणजे नव्हतीच.

त्या रात्री डॉक्टर रडले. इंदूताईला वाटलं जखम ठणकते आहे, म्हणून तिने हळदीचं दूध दिलं आणि ते त्यांनी पिऊन टाकलं.

काप तयार व्हायला आठवडा उलटला. डॉक्टरांनी काच ठेवली, आरसा फिरवला, आणि पहिल्या दिवशी नुसता गुंतवळा दिसला. दुसऱ्या दिवशी दुपारी धागे आडवे झाले होते.

पूर्वेला नाही. उत्तरेला. नदीच्या घाटाकडे.

डॉक्टर हसले, मोठ्याने. "नामा! अरे नामा!" म्हणून हाक मारली आणि नामा आल्यावर काय सांगावं हे न सुचून त्याला पान खायला पैसे दिले. संध्याकाळी घाटावर जाऊन त्यांनी सगळं बोलून टाकलं, जे जिवंतपणी बोलायचं राहिलं होतं ते. हात गप्प होता. पण आता हाताची गरज काय? काच होती ना.

मग ती काच हलली.

सहदेवची कधी हलली नव्हती. विमलबाईची नाही. जिथे पुरलं तिथे ते होतं. डॉक्टरांचे धागे मात्र दुसऱ्या दिवशी घाटाच्या थोडे डावीकडे होते. डॉक्टरांनी फरशीवर खडूने रेघ मारली. तिसऱ्या दिवशी आणखी डावीकडे. त्या रेघेवर घाट नव्हता. तिथे बांबूचं बेट होतं. मग पूल. मग पुलाअलीकडचा मारुती.

फरशीवर रेघा उमटत गेल्या, हातपंख्याच्या काड्यांसारख्या. डॉक्टरांनी त्या सगळ्यांवर गावातल्या जागा मांडून पाहिल्या. नदीकडून घरी यायची ती नेहमीची वाट होती.

इंदूताईला त्यांनी काही सांगितलं नाही. फक्त एकदा जेवताना विचारलं, "आवडी शेवटी काय म्हणाली होती?"

"किती वेळा ऐकशील?" इंदूताईचा घास हातात राहिला. "'तिकडे असतील ना, मी बघते जाऊन.' आम्ही तुझे दिवस घातलेले, मुकुंदा. ती तुला शोधायलाच गेली. मनाला लावून घेऊ नकोस. आमचीच चूक ती."

"आणि मी तिकडे नव्हतो."

"देवाची कृपा."

डॉक्टर पाटावरून उठले. ताटातला भात तसाच राहिला.

त्यानंतरच्या दुपारी धागे रेल्वेच्या फाटकाकडे होते. त्याच्या दुसऱ्या दुपारी गल्लीच्या तोंडाकडे. काप इतका नाजूक, आणि धागे आता इतके ताणलेले दिसत होते की बघवत नव्हतं.

मग तो दिवस आला. थंडी होती, ऊन स्वच्छ होतं, मागच्या पडवीत वाल वाळत पडले होते. डॉक्टर जेवून उठले, खोलीत आले, दार लावून घेतलं. पुढून अडकित्त्याचा आवाज येत होता. त्यांनी डोळा लावला.

धागे पुढच्या दाराकडे होते.

डॉक्टरांनी डोळा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. त्यांच्या बघता बघता धागे किंचित सरकत होते, वाऱ्यावर गवत सरकतं तसे. पायऱ्या. आता ओटी.

उठायचं, मधलं दार उघडायचं, माजघर ओलांडायचं. एवढंच तर होतं. इतकी वर्षं ज्या एका माणसासाठी जीव तुटत होता ते माणूस चार पावलांवर उभं होतं.

डॉक्टरांना भीती वाटली. स्वतःच्या बायकोची.

ती येईल, त्यांनी मनाशी म्हटलं. घर तिचंच आहे. येईल आणि करंगळी धरेल. त्यांनी डावा हात टेबलावर उताणा ठेवला आणि वाट बघत बसले.

अडकित्ता थांबला. पुन्हा सुरू झाला.

हाताला काही कळत नव्हतं. कसं कळणार? जे कळायचं ते त्यांनी स्वतःच कापून काचेवर ठेवलं होतं. धरलं असेल का तिने? सोडलं असेल? त्यांनी बोटांच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. पांढरी पट्टी होती, टेबल होतं.

आरशातला उजेड मंदावला. त्यांनी तो फिरवून घेतला आणि वाकले.

धागे वळले होते. गल्लीच्या तोंडाकडे.

दार ढकलून इंदूताई चहा घेऊन आली. "गोरामोरा का झालास? पुन्हा दुखतंय का?"

"ताई, कोणी आलं होतं?"

"आली होती एक बाई मघाशी. 'आहेत का घरात?' म्हणाली. डॉक्टर आहेत का, असंसुद्धा नाही, नुसतंच 'आहेत का'. मी सांगितलं, नाहीत."

"कोण होती?"

"मी कशाला बघतेय? अडकित्त्यात बोट गेलं असतं. हातात काकणं नसावीत, काही वाजलं नाही. माझ्यासारखीच असेल बिचारी कोणी." इंदूताईने पेला टेबलावर ठेवला, त्यांच्या डाव्या हाताजवळ. "आधी बाजूच्या दवाखान्यात बघून आली असेल. जाताना म्हणाली, 'तिकडेही नाहीत.'"

डॉक्टर मायक्रोस्कोपवर वाकले. धागे पुलाकडे वळत होते. चहाचा गरम पेला पट्टीला टेकला होता, पण ते त्यांना कळलं नाही.